शटर पडलं नाही

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात विज्ञानाच्या मास्तरांचं भाषण झालं. विषय होता कृत्रिम उपग्रह. मास्तर चांगले बोलले. आकाशात सोडलेल्या या यंत्रांवरून आता समुद्रापलीकडचे फोन लागतात, पुढे आपल्याकडचेही लागतील, असं त्यांनी सांगितलं. मग मागून कोणीतरी विचारलं, "अन् बिघडलं तं?"

मास्तर म्हणाले, "बिघडलं तर पक्कड घेऊन वर कोणी जाऊ शकत नाही. उपाय एकच. ज्याचं बिघडलं त्यानं काय बिघडलं ते बाकीच्यांना सांगायचं, म्हणजे त्यांचं तरी वाचतं. पण पुष्कळ जण सांगत नाहीत. अब्रूचा प्रश्न असतो."

लोक हसले. मला हसू आलं नाही. घरी येऊन मी या अंकाच्या संपादकांना कळवलं की तुम्ही दिलेला 'टेलिफोनच्या गमतीजमती' हा विषय मी घेते, पण गमती सुरुवातीलाच उरकून टाकीन. नंतर मला जे लिहायचं आहे ते लिहीन. त्यांनी हो म्हटलं.

मी यवतमाळला ट्रंक बोर्डावर ऑपरेटर आहे. छप्पनच्या दसऱ्याला आमच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला आणि लवकरच मला ही नोकरी लागली. घरात दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात. ऑफिसात सुरुवातीला दोघातिघांना माझ्या हातचं पाणी चालत नसे. माझ्या हातचा कॉल मात्र चाले, कारण माझ्यावाचून तो लागतच नसे.

गमती अशा. एक वकील होते. ट्रंक कॉल लागेपर्यंत ते माझ्याशी भांडत, आणि लागला की पलीकडच्या माणसाशी इतकं गोड बोलत की मला वाटे, कॉल चुकीच्या माणसाला तर जोडला नाही? एक डॉक्टर जेवायला निघताना सांगून जात, "बाई, मी सासऱ्याकडे आहे. पेशंटचा फोन तिकडे द्या, बायकोचा देऊ नका." बाभुळगावच्या रस्त्यावरचे एक शेठ फोनमध्ये इतके ओरडत की आम्ही म्हणत असू, यांना तारेची गरज काय? आणि एक म्हातारे रोज नुसतं हँडल फिरवून विचारत, "शेजारच्याचा फोन कटला का?" नाही म्हटलं की ठेवून देत. गमती संपल्या.

आता कामाबद्दल, ज्यांनी एक्स्चेंज आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. लहान गावातल्या फोनला आकडे फिरवायची तबकडी नसते. बाजूला एक हँडल असतं. ते जोरात फिरवलं की तारेतून वीज जाते आणि एक्स्चेंजमधल्या बोर्डावर तुमच्या नंबरचं नखाएवढं पितळी झाकण खाली पडतं. त्याला आम्ही शटर म्हणतो. शटर पडलं की ऑपरेटरला कळतं, अमुक नंबरला बोलायचं आहे. तो जोडणीची दोरी त्या नंबरच्या भोकात खोचतो आणि विचारतो, "नंबर?" शटर पडलं नाही तर ऑपरेटरच्या दृष्टीनं त्या घरात कोणी नाहीच. तुम्ही हात मोडेपर्यंत हँडल फिरवा. तुम्हाला वाटणार, तो झोपला आहे. त्याला वाटणार, आज बरी शांतता आहे.

राळेगावच्या दिशेनं जाणाऱ्या आमच्या एका तारेवर पाच लहान एक्स्चेंज होती. त्यांची नावं मी बदलते, कारण तिथे अजून माणसं राहतात. बाकी काही बदललेलं नाही. पाचही एकाच तारेवर असल्यामुळे मी एक लांब रिंग दिली की पाचही जण उचलत आणि सगळे सगळ्यांना ऐकू येत. रोज सकाळी बोर्ड उघडल्यावर मी ती लांब रिंग देई. त्याला आम्ही हजेरी म्हणत असू.

"सावरखेडा, कसं ऐकू येतं?"

"झकास ताई. तुमच्या पंख्याची कुरकूरही ऐकू येऊन राह्यली."

"पिंपळदरी?"

"हाव, हजर. रात्री वाऱ्यानं नाल्यावरची तार झाडाले लागली होती. मी फांदी तोडली. सावरखेड्यानं आपल्याकडची पाहून घ्या."

"पायतो ना बापा. झाडाले काय ठाव तार सरकारची हाय."

इतकंच. कोणाची बॅटरी उतरली, कोणाच्या दोरीचा धागा आत तुटला आणि तो कसा सांधला, हे पाच मिनिटांत पाच गावांना कळे. पिंपळदरीचे किसनराव हाताचे कसबी होते. सावरखेड्याचे देवराव बोलण्यात हजरजबाबी. त्यांच्या गावी जिन, म्हणजे सरकी काढण्याचा कारखाना, असल्यामुळे कापसाच्या मोसमात त्यांचा बोर्ड दिवसभर खणखणे. मी दोघांनाही कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून ओळखत होते, आणि आवाजावरून माणूस बराच कळतो.

मग नवे साहेब आले. त्यांनी एक दिवस माझ्या मागे उभं राहून हजेरी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी लेखी बंद केली. कारण, अनावश्यक संभाषण. मी समजावायला गेले तेव्हा ते म्हणाले, "ट्रंक लाइन ही सरकारी मिळकत आहे, बाई, गावचा पार नाही. बिघाड झाला तर ज्यानं त्यानं वर लिहून कळवावं. कोणाला काय सांगायचं ते ऑफिस ठरवेल."

त्या दिवसापासून बिघाड वर जात राहिले. खाली एकही आला नाही.

त्याच वर्षी पाचही ठिकाणी नवे बोर्ड बसले. झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडले, साहेबांनी प्रत्येक गावी जाऊन हात लावला. बोर्ड दिसायला सुरेख होते. शटर अडकवणाऱ्या बारीक कडीला चकचकीत रोगण दिलेलं होतं. हे रोगण लक्षात ठेवा.

मार्च महिन्यातली दुपार होती. आमच्याकडचा मार्च ज्याला माहीत आहे त्याला पत्र्याच्या छपराखालच्या खोलीबद्दल सांगायला नको. मी देवरावांना एक नागपूरचा कॉल देत होते. लाइन खराब होती, म्हणून आम्ही बराच वेळ एकमेकांचे नंबर पुन्हा पुन्हा सांगत होतो. ते म्हणाले, "ताई, ह्या उन्हात तारही वितळून राह्यली वाटते." मी हसले. तेवढ्यात त्यांच्याकडे कोणीतरी ओरडत आत आल्याचा आवाज आला. मग देवरावांचा आवाज, एकदम बदललेला. "ताई, जिनात आग हाय. बंब पाठवा. मी बाकीच्याइले लावतो."

मी बंब पाठवला. यवतमाळहून बंब तिथे पोचेपर्यंत व्हायचं ते होतं. खरं काम गावातच होण्यासारखं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक जिन होता, त्यांच्याकडे इंजिनाचा पंप आणि लांब नळी होती. त्यांना आग लागताच फोन गेला असता तर पंप लगेच आला असता. डॉक्टरांनाही वेळेवर फोन गेला असता. पण एक्स्चेंजला बातमी दिली ती सायकलवरून धापा टाकत आलेल्या माणसानं. जिनाचे मुनीम त्याआधी कितीतरी वेळ हँडल फिरवत होते. जिनाचं शटर पडलंच नाही.

कापसाची मोठी गंजी जळाली. पंप यायच्या आधी कामगार हातानंच पेटता कापूस ओढून बाजूला करत होते. त्यात सीताबाई नावाच्या मजूर बाईचे दोन्ही हात भाजले.

गावानं सरळ हिशेब केला. मुनीम हँडल फिरवत होते, ऑपरेटर बोर्डासमोर होता, फोन लागला नाही. म्हणजे ऑपरेटर झोपला होता. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळच्या थंड वेळी जीपनं पोचले, जिनाचं हँडल फिरवून पाहिलं, शटर खटकन पडलं. बोर्ड उत्तम. देवराव निलंबित. आरोप, कामावर असताना झोप.

त्या रविवारी देवराव मला भेटायला यवतमाळला आले. पहिल्यांदाच पाहिलं. उंच, वाळके, कानाशी केस पिकलेले. माझ्या आईनं चहा दिला तो त्यांनी तसाच ठेवला.

"ताई, मी जागा होतो न?" ते म्हणाले.

"देवराव, तुम्ही माझ्याशी बोलत होतात."

"होतो. पन मी रोज रातभर इचार करून राह्यलो. नंबर माह्या डोळ्यासमोर होता. पडला अन् मलेच दिसला नाही का? डोये उघडे ठेवून झोपला का मानूस?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "गावात पोट्टे इचारतात, देवराव, झोप झाली का?"

माणसाची नोकरी घेता येते, हे मला माहीत होतं. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास घेता येतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझा राग तेव्हापासूनचा आहे.

चौकशीत मी साक्ष दिली. आग लागली त्या वेळी हा माणूस माझ्याशी कॉलबद्दल बोलत होता, जागा होता, नीट उत्तरं देत होता. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आणखी काय काय बोलता तुम्ही यांच्याशी?"

"बिघाडांबद्दल बोलत होतो. तुम्ही बंद केलं."

"मी विचारतो आहे, तुमची ओळख किती?"

"आवाजाइतकी."

खोलीतला कारकून खाली बघून हसला. मी ते हसू विसरलेले नाही. साहेबांनी पुढचा मुद्दा मांडला तो असा, की देवराव जागे होते असं धरलं तर मुनीमांनी हँडल फिरवलंच नसेल. घाबरलेला माणूस काहीही सांगतो. आणि मुनीमांनी हँडल फिरवलं असेल तर देवराव झोपलेच असतील. दोघंही खरे असतील तर दोष नव्या बोर्डाचा ठरतो, आणि ती शक्यता त्यांनी तोंडातूनही काढली नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर बसले आणि लांब रिंग दिली.

एकेक करून सगळ्यांनी उचललं. सावरखेड्याला बदली माणूस होता. किसनराव म्हणाले, "ताई, बंदी हाय न?"

"बंदी मोडते आहे ती मी. तुम्ही फक्त हो की नाही एवढं सांगा. दुपारी उन्हाच्या वेळी तुमच्या नव्या बोर्डाचं शटर चिकटतं का?"

मग किसनराव म्हणाले, "चिकटते."

"कधीपासून?"

"ऊन तापलं तवापासून. थे रोगण नरम पडते अन् कडी धरून ठेवते. सकाळी थंड्यात काही नाही. मी बोर्डाले थोड्या थोड्या वेळानं बोटानं ठोकतो. मंग पडते."

दुसऱ्या गावचा म्हणाला, "मी वर ओलं फडकं टाकून ठेवतो."

तिसरा म्हणाला, "मी तं ब्लेडनं रोगण खरडूनच टाकलं. साहेबाले सांगू नका, नवा बोर्ड हाय."

चौथ्यानं एवढंच सांगितलं की मले वाटलं माह्याच बोर्डात खोट हाय.

मी किसनरावांना विचारलं, "तुम्ही वर कळवलं होतं का?"

"लिहून कळवलं होतं. वरून फोन आला का बाकीच्याइले सांगत बसू नका, बोर्ड नवे हायेत, उगाच नाव खराब होते. आमी पाहून घेतो." मग ते म्हणाले, "ताई, देवरावाचं आयकलं तवापासून मले जेवन जात नाही."

"जेवण नंतर बघू. हे लिहून द्या."

"नोकरी हाय ना ताई."

चार शहाणी माणसं. चौघांना रोग कळलेला, तिघांकडे तीन औषधं. आणि पाचवा पत्र्याखाली घामाघूम होऊन बंद शटरांकडे बघत बसलेला. एका हजेरीत मिटली असती अशी गोष्ट होती. किसनराव म्हणाले असते, "बोटानं ठोकत राहा बे," आणि देवराव काहीतरी विनोद करून ठोकत राहिले असते. हे मी कितीदा मनात बोलून पाहिलं आहे. मला साहेबांचा राग आहेच, तो समजायला सोपा आहे. या चौघांचाही राग आहे. त्यांच्यावर माझा जीव होता म्हणून तो जास्त आहे.

त्या हजेरीबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. मी ऐकलेलं सगळं सांगितलं, तर उत्तर आलं की बंदी असलेल्या संभाषणातली माहिती पुरावा म्हणून धरता येत नाही. पण महिना संपायच्या आत पाचही एक्स्चेंजना एक परिपत्रक गेलं. दुपारच्या वेळी ऑपरेटरनं बोर्डावर अधूनमधून हलक्या हातानं टकटक करावी. का करावी, ते कुठेही नव्हतं. कोणाच्या बोर्डावर काय झालं, कोणाचे हात भाजले, तेही नव्हतं. बदली माणूस मला म्हणाला, "ताई, बोर्डात कोनी राहते का? दार वाजवाले सांगतलं." तो चेष्टा करत होता. त्याला खरंच कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

आता एकच वाट उरली होती. मुनीमांनी हँडल फिरवलं हे पक्कं झालं, तर माझ्या साक्षीच्या जोडीला ते उभं राहिलं असतं. मी सुट्टीच्या दिवशी एसटीनं सावरखेड्याला गेले.

मुनीम भले गृहस्थ होते. मला गादीवर बसवलं, पाणी विचारलं. म्हणाले, "बाई, मी फिरवलं. खांदा अजून दुखते."

"मग चौकशीत 'नीट आठवत नाही' असं का लिहून दिलंत?"

त्यांनी गादीची सुरकुती हातानं सरळ केली. "शेठचं म्हननं पडलं का खात्याशी वाकडं नको. धंद्याले फोन लागते ना आमाले."

"जो लागला नाही तो?"

"तोच," ते म्हणाले.

बाहेर जिनाच्या भिंतीच्या सावलीत सीताबाई बसली होती. काम करता येत नव्हतं, पण सवयीनं येऊन बसे. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. देवरावांच्या घराचा रस्ता मी तिलाच विचारला.

"कोन, थो झोप्या?"

"तो झोपला नव्हता, बाई." मी तिथेच तिच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. रोगण, कडी, ऊन, चार गावं. शेवटी म्हणाली, "म्हंजे त्या गावाइले ठाव होतं?"

"होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"सांगू नका म्हणून सांगितलं होतं."

तिनं समोरच्या जळक्या गंजीच्या काळ्या डागाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मुनीमजी फिरवत होते. मी दारात हुभी होतो. हात पेटले तं पैले हापिसाकडेच धावलो न, डाक्टरले बलवा म्हनून. थे फिरवत होते अन् शिव्या देत होते. मी पायलं."

"हे तू सांगशील?"

"काहून नाही सांगन? लिवा तुमी. अंगठा देतो मी." आणि तिनं हात पुढे केला. मग तिचं लक्ष पट्टीकडे गेलं. "हात बरे झाले का देतो," ती म्हणाली.

तिथून आम्ही दोघी देवरावांच्या घरी गेलो. सीताबाई दाराबाहेरूनच म्हणाली, "देवरावभाऊ, मी तुमाले लय शिव्या देल्या. घरात हा का?" ते बाहेर आले. तिच्या हातांकडे पाहत दारातच उभे राहिले. ती म्हणाली, "बसा न आता, हुभे काहून राह्यले," जणू घर तिचंच होतं.

पट्ट्या सुटल्यावर मी पुन्हा गेले. तिची साक्ष लिहिली, वाचून दाखवली, दोन ठिकाणी तिनं दुरुस्ती केली. शाई लावून अंगठा उमटवला, आणि मी अर्ज वर पाठवला. दीड पानाचा, मुद्देसूद, कुठेही राग न दाखवता लिहिलेला. असा अर्ज लिहायला मला फार कष्ट पडले.

तो परत आला. शेरा होता, 'अंगठ्याचा ठसा अस्पष्ट. ओळख पटत नाही.'

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "तिचा अंगठा कशानं भाजला ते याच अर्जात लिहिलं आहे."

"वाचलं मी," ते म्हणाले. "पण नियमाप्रमाणे ठशात रेषा दिसल्या पाहिजेत."

ते साहेब पुढे बढतीवर गेले. देवरावांना निलंबनातून परत घेतलं, पण दूरच्या एक्स्चेंजवर पाठवलं, मुकुटबनच्याही पुढे, आणि आरोप नोंदीतून काढला नाही. किसनरावांनी शेवटी लिहून दिलं, उशिरा, निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात. ते कागदाला लागलं, उपयोगाला लागलं नाही. आकाशातल्या यंत्रांचं काय होतं ते मला माहीत नाही. पण एक अमुक तारखेला बंद पडलं आणि दुसऱ्याला ते कोणी सांगितलं नाही, असं वाचलं की मला आतलं कारण कळायला वेळ लागत नाही. त्याला विज्ञान लागत नाही.

'कामावर असताना झोप' हे शब्द देवरावांच्या नोंदीतून जावेत म्हणून मी अर्ज करत राहिले आहे. नवे साहेब येतात तेव्हा नव्यानं करते. प्रत्येक वेळी सावरखेड्याला जाते, सीताबाई शाईत अंगठा बुडवते आणि कागदावर दाबून धरते, पूर्वीपेक्षा जास्त वेळ, जास्त जोरानं. उमटतो तो गुळगुळीत काळा डाग.